लखूच्या घरचे मारोतीमामा

आमदारसाहेबांना भर उन्हात उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. मागं गाड्यांचा ताफा, पुढं हार घेऊन उभी असलेली समिती, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि दारात आडवा हात लावून उभे असलेले मारोतीमामा. आवाज एकदम शांत. "जरा थांबावं लागंल साहेब. लखू आंघूळ करायलाय."

साहेबांनी आधी मामांकडं पाहिलं, मग समितीच्या अध्यक्षांकडं, मग माझ्याकडं. मी आकाशाकडं पाहिलं. आत कुणाचं तरी बिऱ्हाड असावं असा साहेबांचा समज झाला बहुतेक, कारण त्यांनी सभ्यपणे विचारलं, "किती वेळ लागेल?" मामांनी मान तिरकी करून आतल्या अंधाराचा कानोसा घेतला. "आता आंग पुसायलाय," ते म्हणाले. साहेब थांबले. निवडणूक जवळ आली होती.

आता हा लखू कोण, ते सांगतो. लखू म्हणजे लक्ष्मणराव. निजामाच्या राज्यात या गावात जन्मले, हैदराबादला शिकले, गावानं आपला कारभार आपणच कसा चालवावा यावर जाडजूड ग्रंथ लिहिले, त्यापायी तुरुंगात गेले आणि पुष्कळ म्हातारे होऊन हैदराबादलाच वारले. त्यांना जाऊन इतका काळ लोटला की त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस आता गावात उरलेलं नाही. मी सेलूच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. लक्ष्मणरावांवर एक धडा आहे आणि तो किती गुणांना येतो एवढंच विद्यार्थी मला विचारतात. त्यांच्या जन्मघराचं संग्रहालय झालं तेव्हा समितीत मला घेतलं, ते काही विद्वत्तेमुळं नव्हे. माझ्याकडं मोटारसायकल होती, आणि अध्यक्षांना भाषणं लिहून देणारा कुणीतरी हवा होता. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. समितीत माझं नाव अजून आहे.

घर म्हणाल तर साधंच. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं पडवी आणि वर माळवद. माळवद म्हणजे आमच्याकडचं सपाट छप्पर. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात लोक त्यावर झोपतात, कुरड्या वाळवतात. वर कुणी चाललं की खाली पावलागणिक चिमूटभर माती सांडते. घरात बसलेल्या माणसाला मान वर न करता कळतं की कोण कुठून कुठं चाललंय.

आत बघण्यासारखं फार काही नाही. एक पाळणा, दगडी पाटी, जरीची विटलेली टोपी, पितळेचा गडवा आणि लाकडी बैलगाडी, जिचा एक बैल हरवलाय. तरीही घर बघायला सोपं नाही, कारण दारात मारोतीमामा आहेत. त्यांचा नियम असा की येणाऱ्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या आणि आत तोंड करून विचारायचं, "लखू, येऊ का?" मग गप्प उभं राहायचं. मामा कान देऊन ऐकतात. बहुतेक वेळा "या" म्हणतात. कधीकधी मात्र "आत्ता न्हाई, जेवायलाय" असं ऐकून लोकांना समोरच्या लिंबाखाली बसावं लागतं. एकदा पाथरीहून जीप करून आलेली मंडळी तशीच परत गेली, कारण लखू रुसला होता. कुणावर रुसला, ते मामांनी सांगितलं नाही. "लेकराची बात हाय," एवढंच म्हणाले.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. संग्रहालय उशिरा का उघडलं? लेकराची बात हाय. ट्यूबलाइट का काढली? लेकराची बात हाय, उजेड डोळ्यावर येतो. समितीनं लक्ष्मणरावांचा भलामोठा फोटो करून आणला, पांढऱ्या दाढीचा, चष्म्यातून रोखून बघणारा. आम्ही तो पाळण्याच्या वर टांगला. दुसऱ्या दिवशी तो ओसरीत, रस्त्याकडं तोंड करून.

"मामा, ज्यांचं घर त्यांचाच फोटो बाहेर?"

"लेकरू भितंय त्या म्हाताऱ्याला."

मी हसलो. मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा तसा हसराच, लांब नाक, पुढचे दात विरळ, टोपी कायम एका बाजूला कललेली. पण लखूचा विषय निघाला की ते दवाखान्यात बसल्यासारखे बोलतात, हळू आणि कामापुरतं.

वयानं साठीच्या पुढचे. उमेदीची वर्षं सेलूच्या जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलण्यात गेली. लग्न झालं नाही. का, ते गावानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मूळ गाव गंगाखेडकडचं, राणीसावरगावच्या बाजूचं म्हणतात. इथं नात्याचं कुणी नाही. संग्रहालय झालं तेव्हा राखणीला माणूस हवा होता आणि मामांना टेकायला जागा. पडवीत त्यांनी एक खाट टाकली आणि तेव्हापासून ते तिथंच आहेत.

लक्ष्मणरावांचं एक अक्षरही त्यांनी वाचलेलं नाही, आणि त्याचा त्यांना मुळीच संकोच नाही. "पुस्तकं त्या म्हाताऱ्यानं लिव्हली. माझा काय संबंध?" मी एकदा माझ्या वर्गाची सहल घेऊन गेलो होतो. एका हुशार मुलीनं विचारलं, "मामा, सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा विचार त्यांना याच घरात सुचला का?" मामांनी विचार केला. "तवा त्येला बोरं आवडायची," ते म्हणाले. मग सगळ्यांना कोनाडा दाखवला, जिथं लखू चिंचा लपवतो. लपवायचा नव्हे, लपवतो. उंबरा दाखवला, जिथं कपाळ फुटलं. पाळणा दाखवताना दोरीला हात लावू दिला नाही.

मुलं ती. एकाला चेष्टा सुचली. घराबाहेर पडल्यावर तो दाराकडं तोंड करून ओरडला, "लखू, चल बाहेर! सेलूला येतो का?"

मामा इतक्या झटकन उठले की स्टूल पडलं. त्यांनी त्या पोराचं तोंडच दाबलं. "असं बोलवायचं न्हाई," ते म्हणाले. "आला मंजी? न्यायचं कुणी? सांभाळायचं कुणी?"

परतीच्या जीपमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. हुशार मुलगी खिडकीबाहेर बघत होती. ज्यानं हाक मारली होती तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि सेलू येईपर्यंत तिथून हलला नाही.

पुढच्या खेपेला मी मामांशी वाद घालायचं ठरवूनच गेलो. मी राज्यशास्त्राचा माणूस, मेलेल्यांशी माझा संबंध येतो तो मतदारयादीपुरता. मी म्हटलं, "मामा, साधी गोष्ट आहे. लखूच मोठा झाला आणि लक्ष्मणराव झाला. लक्ष्मणराव गेले. म्हणजे लखूही गेला."

मामा तंबाखू मळत होते. "सर, तुमाला तुमचं लहानपणचं काय काय याद हाय?"

"आहे थोडंफार."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं विसरलं."

"विसरलं, ते तुमच्यातून गेलं. पण गेलं कुठं?"

मी चहा मागवला. मामांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि दुसऱ्या बशीत थोडा काढून उंबऱ्याच्या आत ठेवला. आम्ही बोलत बसलो. निघताना मी ती बशी पाहिली. मुंग्या लागल्या होत्या, चहा तेवढाच होता. मला बरं वाटलं. मामा बशी धुता धुता म्हणाले, "गोड कमी पडलं आज."

त्यानंतरची एक दुपार सांगायलाच हवी, जरी ती सांगताना मी अजून आवाज उतरवतो. मला वस्तूंचे फोटो काढायचे होते. मामा औषध आणायला सेलूला गेले होते आणि किल्ली शेजारच्या घरी ठेवलेली. गाव जेवून लवंडलेलं. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कुलूप काढलं, दार ढकललं आणि पाय आत टाकणार तेवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "लखू, येऊ का?"

स्वतःची लाज वाटली. तरी मी थांबलो. कशासाठी थांबलो ते सांगता येत नाही. पण थोड्या वेळानं जावंसं वाटलं आणि गेलो.

पाटीचा फोटो काढत होतो. डाव्या भिंतीपाशी माती सांडली. आधी लक्ष गेलं नाही. मग त्याच्या अलीकडं सांडली, मग आणखी अलीकडं. हलकी, चिमूट चिमूट. जडशीळ माणूस चालला तर ढेकळं पडतात. ही तशी नव्हती. ती रांग माझ्या डोक्यावर आली आणि थांबली. माझ्या मोबाइलवर धूळ बसली. मी श्वास रोखून उभा होतो, आणि वरही कुणीतरी तसंच उभं आहे असं मला वाटलं.

मी बाहेर पळालो आणि दाराशेजारच्या जिन्यानं वर गेलो. वर कुणी नव्हतं. माळवद इतकं तापलेलं की तळपाय उचलून धरावे लागत होते. कठड्यापाशी एक हातभर जागा मात्र गार होती, सावलीतल्यासारखी, आणि तिथं सावली द्यायला ना झाड ना भिंत. मी तिथं पाय टेकवला आणि लगेच काढून घेतला. तिथून सरळ सेलूचा रस्ता दिसतो. त्या रस्त्यानं मामा येत होते, हातात औषधाची पिशवी.

त्यांना मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "वानरं असतील."

"व्हय व्हय, वानरंच असतील," मामा ताबडतोब म्हणाले आणि मला पाणी दिलं. घाबरलेल्या पोराला समजवावं तसं ते माझ्याशी बोलत होते. "तिकडं बसतो तो. रस्ता दिसतो तिथून."

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, कॉलेजात तर नाहीच.

मग स्मारकाचं ठरलं. गावात येणारा रस्ता जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर जागा मिळाली. काँक्रीटची इमारत, काचेची कपाटं, पुढं लक्ष्मणरावांचा अर्धपुतळा. समितीची बैठक जन्मघराच्या ओसरीतच झाली. अध्यक्ष जिनिंगवाले, बोलायला माणूस गोड. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. सामान नव्या इमारतीत जाणार. घर धोक्याचं झालंय, पावसाळ्याआधी माळवद उतरवून टाकायचं. नव्या इमारतीला गणवेशातला रखवालदार मिळणार. "आणि आपले मारोतीमामा," अध्यक्ष म्हणाले, "यांनी आता आराम करायचा. उद्घाटनाला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार." टाळ्या झाल्या.

मामा खांबाला टेकून उभे होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "अन् लखू?"

"त्यालाच तर नेतोय मामा! पाळणा, टोपी, समदं."

"सामान न्यायलाव तुमी. लखूचं काय म्हणलं मी."

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्याच वेळी अध्यक्षांच्या टोपीवर वरून थोडी माती सांडली. त्यांनी ती झटकली आणि पुढचा विषय घेतला. मी वर बघायचं टाळलं.

सामान न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी हजर होतो. मामांनी कुणालाही वस्तूंना हात लावू दिला नाही. एकेक वस्तू स्वतः उचलली, आणि उचलताना आत तोंड करून सांगितलं, काय नेतोय आणि कुठं ठेवणार. पाळणा काढला तेव्हा तुळईच्या कड्या रिकाम्या हलत राहिल्या, कुणी हात न लावता, बराच वेळ. टेम्पोवाल्यानं कानाला हात लावले आणि गाडी सुरूच ठेवली.

टेम्पो गेल्यावर आम्ही दोघंच उरलो. रिकाम्या घरात आमचा आवाज आम्हालाच मोठा वाटत होता. मामा भिंतीला पाठ लावून बसले आणि मी न विचारता बोलायला लागले.

"लक्ष्मणरावाच्या बापानं घर हलिवलं तवा पहाट होती. सेलूला गाडी धरायची होती. भांडी न्हेली, गाय न्हेली, देव न्हेले. लखू निजला होता. निजलेलंच उचलून बैलगाडीत टाकलं. सर, निजलेलं लेकरू असं घर सोडून न्हेऊ न्हाई. जागं करायचं, नावानं हाक मारायची, चल म्हणायचं, वाटंनं बोलत बोलत न्यायचं. न्हाईतर अर्धं मागं राहतं. जे गेलं ते मोठं झालं, पुस्तकं लिव्हली. गावावर लिव्हली, अन् गावाला एकदा बी आला न्हाई. कामून आला न्हाई? कोणत्या तोंडानं येईल? हितं कठड्यावर बसून लेकरू वाट बघायलंय, अन् त्येला काय सांगंल?"

मला लक्ष्मणरावांचं आत्मचरित्र आठवलं. इतका जाड ग्रंथ, आणि या गावाला त्यात जेमतेम पानभर जागा. त्यावर विद्वानांनी पुष्कळ कारणं दिलेली आहेत. मी स्वतः एका चर्चासत्रात एक दिलेलं आहे. मामांचं कारण त्या सगळ्यांपेक्षा वेडगळ होतं आणि मला तेच खरं वाटायला लागलं होतं, याचा मला राग आला.

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

मामांनी माझ्याकडं आश्चर्यानं पाहिलं. "सांगणार कोण? दोघंच तर ऱ्हातो आमी हितं."

उद्घाटन रविवारी ठरलं. गावजेवण होतं, पोळ्या, आमटी, बुंदी, मोठमोठ्या कढया. सकाळपासून भोंग्यावर गाणी. माझं लिहून दिलेलं भाषण अध्यक्षांनी वाचलं, माझे दोन विनोद गाळून. मग सत्काराची घोषणा झाली. मारोतीमामांचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. शाल हातात घेऊन पाहुणे उभे, आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नाही. अध्यक्षांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी मोटारसायकल काढली.

गावात चिटपाखरू नव्हतं; सगळं गाव फाट्यावर. दारं लोटलेली. मामा रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसले होते. नवं धोतर, नवी टोपी, कपाळाला बुक्का, दाढी केलेली. जायला तयार होऊन बसलेला माणूस, आणि पाय मात्र जागचा हलत नव्हता.

"मामा, चला! तिकडं तुमचं नाव पुकारतायत."

"लखूला आवतण न्हाई, सर."

आता हे आवतण काय असतं ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडं गावात कुठलंही जेवण असो, पत्रिका वाटल्या, भोंग्यावर सांगितलं, तरी ते खरं नाही. घरोघरी माणूस जातो, दारात उभा राहून तोंडानं सांगतो. कुठं एकाला बोलावणं असतं, कुठं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. लहानथोर, पाहुणारावळा, घरात जे असेल त्या सगळ्यांनी जेवायला यायचं. आवतण नसेल तर सख्खा भाऊही पंगतीला बसत नाही, आणि आपल्याला आवतण नाही असं तोंडानं बोलूनही दाखवत नाही. त्यापेक्षा उपाशी राहील.

"सगळ्या गावाला चूलबंद होतं मामा. माणूस फिरला की काल."

"फिरला. शेजारच्या दारात थांबला. हितून फुडं गेला." ते उंबऱ्यावरून बोट फिरवत होते. "लेकराची बात हाय. समद्या गल्लीला बोलावणं, अन् ह्येच्या दारावरून माणूस फुडं जातो. त्येनं वरून बघितलं असंल."

घड्याळात बारा वाजून गेले होते. तिकडं पाहुणे खोळंबलेले. मला चिडायला हवं होतं. मी चपला काढल्या, मामांच्या शेजारून उंबऱ्यासमोर उभा राहिलो आणि त्या उघड्या, रिकाम्या खोलीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "लखू, आज फाट्यावर गावजेवण आहे. या घराला चूलबंद आवतण आहे. सगळ्यांनी यायचं."

आवाज आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला. मामांनी मान तिरकी केली. भोंगा बंद पडला होता, की मलाच ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे.

मग पलीकडच्या भिंतीपाशी माती सांडली. चिमूटभर. त्याच्या अलीकडं आणखी. मी ती रांग पाहत होतो. खोलीच्या मधे येऊन ती जरा थांबली, मग पुढं आली, दाराच्या चौकटीपर्यंत आली, आणि जिन्याच्या बाजूला वळली. माझ्या मानेवरचा घाम एकदम गार झाला. जिन्याकडं बघायचा धीर मला झाला नाही.

"सर," मामा हळूच म्हणाले, "चूलबंद म्हणलात न्हवं?"

"हो."

"मंजी घरात जेवढी हायेत तेवढी समदी?"

"हो मामा. सगळी."

"मंग मी बी आलो त्यात."

असं म्हणून त्यांनी नवी टोपी काढली, तोंडावर धरली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला तेव्हा कळलं. सत्कार ठरवला, शाल आणली, फलकावर नाव घातलं, आणि 'मामा, जेवायला या' असं या माणसाला कुणी म्हणालंच नव्हतं. समितीला वाटलं ते गावातले, गाव बोलावेल. गावाला वाटलं ते समितीचे, घरचेच, त्यांना काय बोलवायचं. आणि आवतण सांगणारा घरोघरी फिरला. हे त्याच्या लेखी घर नव्हतं, संग्रहालय होतं. सकाळपासून नवं धोतर नेसून ते इथं बसले होते, आणि मला बोलावणं नाही हे सांगायची लाज वाटली म्हणून लखूचं नाव पुढं करत होते. निदान मला तसं वाटलं. इतकं वाईट मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला, तो हलका आणि कोरडा होता.

मामांनी डोळे पुसले, टोपी घातली, दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही. मग जिन्याकडं वळून त्यांनी हाक मारली. इतक्या वर्षांत ती हाक मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "लखू, चल रं बाबा. चल जेवाया."

मी गाडी सुरू केली. मामा मागं बसले, ते अगदी टोकाला, लोखंडी कॅरिअरवर. आमच्या दोघांच्या मधे सीट रिकामी.

"मामा, पुढं सरका की. पडाल."

"बसलोय नीट. चला तुमी."

गाडी हलली आणि मामा बोलायला लागले. माझ्याशी नव्हे. "ही बघ शाळा. तवा न्हवती ही. ह्यो दवाखाना. हितं बाजार भरतो, जिलेबी मिळती. ह्यो बघ पांदीचा रस्ता, हितून तुझा बाप गेल्ता." क्षणाचाही खंड पडू न देता ते बोलत होते. खड्डा आला. माझ्या शर्टाला दोन्ही कुशींवर ओढ बसली, लहान आणि घट्ट. मी आरशात पाहिलं. मामांचे दोन्ही हात मागं होते, कॅरिअरची कड धरून.

वारा असेल. शर्ट ढगळ आहे माझा. मी गाडी हळू केली.

गावाबाहेर मामांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. त्यांना बोलता येईना. आरशात त्यांचे डोळे माझ्याकडं लागलेले दिसत होते, कासावीस. मधे शांतता झाली, नुसता इंजिनचा आवाज. ऊन, सरळ रस्ता, जांभई यावी अशी दुपार. आणि माझ्या कुशीवरची पकड हळूहळू सैल पडायला लागली, डोळ्यांवर झोप यायला लागल्यावर पोराचा हात सुटतो तशी.

"लखू," मी मान न वळवता मोठ्यानं म्हणालो, "ती बघ पाण्याची टाकी, केवढी उंच हाय. अन् ते तिकडं मांडव दिसतोय का? तिथंच जायचं आपल्याला. आलंच बघ आता."